ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढा माणूस

आमच्या घरमालकांना माणसं किलोत दिसायची. नवं कुणी भेटलं की लोक चेहरा बघतात, कपडे बघतात, फार तर पायातल्या चपला बघतात. मालक डोळे बारीक करून समोरच्याला मनातल्या मनात उचलून बघायचे आणि म्हणायचे, "बासष्ट. लई झालं तर त्रेसष्ट."

चिखलीत त्यांच्या आवारातली खोली बघायला आम्ही गेलो, ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांना चिंचवडच्या एका कंपनीत नुकतंच कायम केलं होतं आणि आम्ही लातूरकडून बिऱ्हाड घेऊन आलो होतो. त्याआधी दोन ठिकाणी खोली पसंत पडली, चहासुद्धा झाला, आणि आडनाव सांगितल्याबरोबर घरमालकाच्या पुतण्याचं लग्न अचानक ठरलं. त्यामुळे आडनाव सांगायची वेळ जवळ आली की मी आधीच दाराकडे बघायला लागायचे. मालक ओट्यावर बसून कानशीनं पत्रा घासत होते. त्यांनी मान वर केली, ह्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वजन किती?"

हे गोंधळले. "अठ्ठेचाळीस."

"जेवून का उपाशी?"

"जेवून."

"ऱ्हावा," मालक म्हणाले आणि परत पत्रा घासायला लागले.

आडनाव त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. त्या दिवशी मला एवढं हलकं वाटलं की मी रिकाम्या खोलीत बसून रडून घेतलं. वजनाचं त्यांना काय करायचं होतं, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

मालक स्वतः आडदांड होते, नव्वदच्या पुढे. जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा गावात कुणी ट्रक घेतला, कुणी माडी चढवली. मालकांनी एक जुनं लेथ मशीन आणून रिकाम्या गोठ्यात बसवलं. त्यावर ते कंपन्यांना पिना, बुश असे बारीक सुटे भाग करून द्यायचे, पण ते आपलं पोटापुरतं. बाकी सगळा जीव एका उडायच्या यंत्रात अडकलेला. त्याला ते पाखरू म्हणायचे.

हे वेड कुठून लागलं, ते स्वतःच रंगवून सांगायचे. तरणे असताना ते एकदा ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकत होते. देहूरोडच्या बाजूनं आलेलं लष्कराचं एक हेलिकॉप्टर बिघाड होऊन त्यांच्याच रानात उतरलं. "समदं गाव पळालं," मालक सांगायचे. "म्या न्हाई पळालो. म्या गोफण खाली ठिवली आन बगत ऱ्हायलो. मला कळलं, त्येच्या डोक्यावर बी गोफणच की फिरती. गोफण जोरात फिरली का धोंडा वर ऱ्हातो का न्हाई? तसंच त्ये."

मी शेतकऱ्याच्या घरची नसले तरी शेतात राबलेली होते. गोफण फिरवताना दोरी हातातून सुटली की धोंडा कुणाच्या कपाळाचा पत्ता शोधत जातो, हे मला माहीत होतं. मी तसं एकदा बोललेही. मालकांनी कमरेला खोचलेला पाना काढला आणि माझ्यासमोर धरला. "भ्या म्हंजे ढिला नट, पोरी. नट आवळला का भ्या गेलं. कुठं ढिलं हाय त्ये दाव, आत्ता आवळतो." कुणीही 'भीती वाटते' म्हटलं की त्यांचं हेच उत्तर असायचं, आणि ते थट्टेनं म्हणत नसत. त्यांना खरंच भीती ठाऊक नव्हती. अशा माणसाच्या आवारात राहणं काय असतं, ते मी सांगते.

आवारातल्या लिंबाला पोती तोलायचा काटा टांगलेला होता. दूधवाला आला, पोस्टमन आला, कुणी पाहुणा आला, की मालक त्याला काट्याखाली न्यायचे. साखळी दोन्ही हातांनी धरून पाय वर घ्यायचे, मालक आकडा वाचून मान हलवायचे आणि मगच त्याला चहा मिळायचा. एकदा कुणाचा बोकडही टांगला होता, तो ओरडला म्हणून आकडा नीट लागला नाही. लोक लटकलेले असताना त्यांच्या चपला हातात धरून मालकांची बायको उभी असायची. तिला मी मावशी म्हणायचे. काडीसारखी बाई, नऊवारीचा बोजाच तिच्यापेक्षा मोठा. दिवसभरात ती चार वाक्यं बोलली तर खूप. मालकांनी हाक मारली की ती यायची, चपला धरायची, चपला परत द्यायची आणि आत जायची.

गोठ्याच्या एका भिंतीला फळी होती. तिच्यावर तेलाच्या डब्यांच्या पत्र्यापासून केलेल्या गाड्या मांडलेल्या असत. जीप, मालट्रक, लाल बस, आणि डोक्यावर पंखा असलेली लहान लहान पाखरं. गाड्या जुन्या घड्याळांच्या स्प्रिंगांवर चालायच्या, पाखरं रबरावर उडायची. हाताला कसब एवढं होतं की बसच्या खिडक्यांना गजसुद्धा बसवलेले. आणि प्रत्येकात चिकणमातीचा ड्रायव्हर. मी विचारलं तर म्हणाले, "मान्साबिगर गाडी म्हंजे नुसता पत्रा." घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, ते पाखरू सोडायचे. ते भिरभिरत शेवग्याला धडकायचं, नाहीतर माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यात शिरायचं. पडलं की मालक सावकाश खाली यायचे आणि यंत्राच्या आधी मातीचा माणूस उचलून बघायचे. कुणाचा हात गेलेला असायचा, कुणाचा पाय. त्या तुकड्यांकडे ते अगदी मायेनं बघायचे. त्याची मला फार भीती वाटायची.

मोठं पाखरू मागच्या रानात उभं होतं. जोडलेल्या नळ्यांचा सांगाडा, मोटारसायकलचं इंजिन, ट्रॅक्टरची लोखंडी सीट, आणि वर सागवानी दोन पाती. मागे एक छोटा पंखा होता, "न्हाईतर पाती एकीकडं आन माणूस दुसरीकडं फिरत बसंल." चार खुंट्या रोवून त्यांना ते दाव्यांनी बांधलेलं असायचं, जनावर बांधतात तसं. इंजिन चालू झालं की माझ्या मांडणीवरची ताटं वाजायला लागायची आणि ते बंद होईपर्यंत मी एका जागी बसून राहायची. हात कामाला लागायचेच नाहीत.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि मग मध्येच काहीतरी वेगळं ऐकू आलं, कापड टरकन फाटल्यासारखं. त्याच क्षणी माझ्या मागचं उघडं दार धाडकन हललं. वळून बघते तर पात्याचा हातभर तुकडा दाराच्या फळीत शिरून थरथरत होता. आमच्या ह्यांचं कपाळ जिथं येतं, बरोबर तिथं. हे सकाळच्या शिफ्टला गेलेले होते, एवढंच काय ते नशीब.

मालक आले. मला वाटलं माफी मागतील. निदान 'लागलं का पोरी' एवढं तरी विचारतील. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि तुकडा किती आत गेलाय ते मोजलं. मग त्याचं तुटलेलं टोक बघून त्यांचा चेहरा खुलला.

"लाकूड न्हाई तुटलं पैलं," ते म्हणाले. "पैला नट सुटला, मग लाकूड गेलं. लाकडाचा दोस न्हाई."

"मी इथं बसले होते," मी म्हटलं.

"व्हय की. तू लांब व्हतीस चांगली. आता ह्ये काढू नगंस हां, मला नीट बगायचंय."

तो तुकडा कितीतरी दिवस तसाच होता. शेवटी मी त्याला हात पुसायचं फडकं अडकवायला लागले. माणूस कशालाही सरावतो म्हणतात, पण मी सरावले नाही. फडकं घेताना दर वेळी माझी नजर आपोआप ह्यांच्या कपाळाकडे जायची.

तुम्ही म्हणाल, मग खोली सोडायची. सोडून जायचं कुठं? परत आडनावापासून सुरुवात करायची, परत चहा प्यायचा, परत कुणाच्या तरी पुतण्याचं लग्न ठरायचं. भीतीच्या दोन तऱ्हा होत्या, त्यातली मी एक निवडली होती.

आणि मग ती सकाळ आली. मी गोठ्यात मावशीला ताक द्यायला गेले होते. फळीवर नवं पाखरू होतं. आत बसलेल्या माणसाला निळा शर्ट रंगवलेला होता, ह्यांच्या कंपनीच्या शर्टाचा निळा. खिशाच्या जागी पिवळा ठिपका. नाकावर बारीक तारेचा चष्मा. ह्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली होती, तारही डाव्या बाजूला वाकवलेली होती. माझ्या हातातलं ताक सांडलं.

मालकांनी माझ्यासमोरच ते पाखरू नेऊन धाब्यावरून सोडलं. ते छान उडालं, चांगलं शेवग्यापर्यंत गेलं, आणि मग एका बाजूला कललं. खाली येऊन बघतो तर निळा माणूस सीटवर बसलेला आणि डोकं चाकापाशी. मालकांनी ते उचललं, अंगठ्यानं पुसलं.

"मान कच्ची व्हती," ते म्हणाले. "माती ओली ऱ्हायली. खऱ्या मान्साचं तसं न्हाई."

मोठ्या पाखरात ह्यांना बसवायचं ठरलंय, ही बातमी मला अशी कळली. त्या पाखरानं बांधलेल्या दाव्यांनिशी अर्धं पोतं ज्वारी, म्हणजे पन्नास किलो, वीतभर उचलली होती. त्याच्या पुढं ते तयार नव्हतं. अर्ध्या पोत्याएवढ्या वजनाचा बाप्या मालकांच्या लेखी अख्ख्या चिखलीत एकच होता आणि तो माझा नवरा होता. खोली मिळाली होती ती त्यासाठी. गावातल्या कुणाचा मुलगा का नाही, त्यातही हडकुळे होतेच की, असं माझ्या मनात यायचं. मालकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, वजन. कदाचित ते खरंही असेल. मी तो प्रश्न गिळून टाकला, पण तो पचला नाही.

ह्यांना मी विचारलं तर ह्यांनी आधी चष्मा काढून पुसला. अवघड काही बोलायचं असलं की त्यांची ही सवय.

"मीच हो म्हटलंय," ते म्हणाले. "अगं, आठ तास मी एकाच तऱ्हेच्या पट्टीला एकच भोक पाडतो. ती पट्टी पुढं कुठं जाते तेसुद्धा मला ठाऊक नाही. इथं मला ठाऊक आहे."

"कुठं जाणार आहे?"

"वर."

"आणि दावी?"

"दावी बांधली तर उडालं कसं म्हणायचं?" हे म्हणाले, आणि इतके खुलून हसले की मला त्यांच्याशी भांडताच येईना. लग्नानंतर हा माणूस असा हसलेला मी पाहिला नव्हता. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

मग मी मला जमेल ते केलं. मी त्यांना खायला घालायला लागले. वरणावर तूप, भाकरीवर तूप, शेंगदाण्याचे लाडू, रात्री दूध. डब्यात दोन माणसांचं जेवण. तीन-चार किलो वाढले की मालकांचं पाखरू त्यांना उचलणार नाही, एवढा साधा हिशोब. मालक दर रविवारी ह्यांना काट्याला लटकवायचे, मावशी चपला धरून उभी, आणि मी दारातून श्वास रोखून आकड्याची वाट बघायची. अठ्ठेचाळीस. पुढच्या रविवारी अठ्ठेचाळीस. त्या माणसाच्या अंगाला काही लागतच नव्हतं. उरलेलं टाकायचं कसं म्हणून मी खायची, आणि ब्लाउज उसवायची वेळ माझ्यावर आली.

मालकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "पोरी, तूप कमी कर," ते म्हणाले. "त्येला न्हाई लागत, तुला लागतंया."

मुहूर्त ठरला दसऱ्याचा. सीमोल्लंघनाचा दिवस, मालकांना दुसरा दिवस सुचणारच नव्हता. आमच्या घरी तो दिवस वेगळा. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून पांढरे कपडे घालून आम्ही पिंपरीच्या विहारात वंदनेला जायचो. हे म्हणाले, आधी उडून येतो, मग जाऊ.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत मशीनला झेंडूच्या माळा घालतात, मालकांनी पाखराला घातल्या. पाने, कानशी, हातोडे, सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं. खंडेनवमीला हत्यार विश्रांती घेतं, त्याला हात लावायचा नाही, हा नेम मालक फार कडक पाळायचे. म्हणजे उडायच्या आदल्या दिवशी एकही नट तपासला जाणार नव्हता. मी तसं म्हटलं तर मालक म्हणाले, "परवाच समदं आवळलंय. आज हात लावायचा न्हाई."

मी मावशीकडे गेले. ती चुलीपुढं बसून पुरणाची डाळ निवडत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं बोलून टाकलं. दाराच्या फळीतलं पातं, मातीचं डोकं, अठ्ठेचाळीस किलो, सगळं. तुम्ही सांगा त्यांना, म्हटलं, तुमचं तरी ऐकतील. मावशी डाळ निवडत राहिली.

"म्या काय सांगू त्येस्नी," ती म्हणाली. "माजं कवा ऐकलंय?" मग सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "किती वाजता हाय त्ये?"

"सकाळी. दहाला."

"बरं," ती म्हणाली. मला तिचा राग आला. मी उठून आले.

दसऱ्याला बाजरी निघालेल्या मागच्या रानात निम्मं गाव जमलं होतं. हे पांढरा शर्ट, पांढरी विजार घालून निघाले. मी पांढरी साडी नेसले होते. विहारात जायचे कपडे ते, पण त्या दिवशी आम्हा दोघांना तसं बघून मला नको नको ते दिसायला लागलं. मी ह्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवला.

दावी सोडलेली होती. मालकांनी पाटावरचा पाना उचलला, त्यांच्या हाताला कुंकू लागलं. "चला," ते ह्यांना म्हणाले. "चष्मा दोऱ्यानं बांदा."

हे दोरा बांधत होते तेवढ्यात गर्दीतून मावशी आली. दसऱ्याचं हिरवं लुगडं, नाकात नथ. ती सरळ पाखरापाशी गेली, पायरीवर पाय ठेवला, आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसली. मांडी घालायला जागा नव्हती म्हणून पाय खाली सोडले.

"ए," मालक म्हणाले. "त्ये काय?"

"म्या बसतीया."

"उतर खाली."

"ह्या पोराच्यापरास म्या हलकी हाय," मावशी म्हणाली. "आख्ख्या गावाला तुमी तोललं. मला कवा तोललं न्हाई."

लोक हसायला लागले. मालकही हसले. "ह्ये बाईमान्साचं काम न्हाई."

"ज्वारीचं पोतं काय बाप्यामाणूस व्हतं?"

आता लोक मोठ्यानं हसले आणि मालक चिडले. "बस मग," ते म्हणाले. त्यांनी चामड्याचा पट्टा तिच्या कमरेभोवती आवळला. शेवटच्या भोकातही तो ढिला राहिला, एवढी ती बारीक. त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. मग इंजिनाला किक मारली. पाती फिरायला लागली, आधी सावकाश, मग दिसेनाशी. मावशीच्या डोक्यावरचा पदर उडाला. तो तिनं दातात धरला आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडली. ती डोळे मिटत नव्हती, मालकांकडे बघत होती.

मालकांचा हात इंजिन वाढवायच्या तारेवर होता. ती ओढायची तेवढी राहिली होती. तो हात तिथंच थांबला. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"एक नट बगतो," ते म्हणाले.

त्यांनी पात्यांच्या मुळाशी पाना लावला. मग सीटच्या खाली. मग मागच्या पंख्याला. परत किक मारली, परत मावशीकडे बघितलं, परत बंद केलं. परत पात्यांचा नट. आत्ताच आवळलेला तोच नट. पाना निसटून पडला, त्यांनी उचलला, परत पडला. त्यांच्या कपाळावर घाम आणि कुंकू एक झालं होतं. त्या माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदा ती गोष्ट पाहिली, जी माझ्या घरात इतके दिवस माझ्या ताटात जेवत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, मी खाली ढेकळावर बसले. पण रागही आला, आणि तो आजही येतो. माझ्या नवऱ्यासाठी त्यांचा एकही नट ढिला नव्हता.

ऊन चढलं. कुणी आपट्याची पानं घेऊन निघून गेलं, कुणाला पुरणपोळीची आठवण झाली. हे चष्म्याला बांधलेला दोरा सोडत म्हणाले, "मालक, मी करू का चालू?" मालकांनी नुसता हात केला, थांब म्हणून. रानात आम्ही चौघंच उरलो तेव्हा ते इंजिनाचा प्लग काढत होते. काढला आणि बंडीच्या खिशात घातला.

"उतरू का म्या?" मावशीनं विचारलं.

मालक तिच्याजवळ गेले. पट्टा सोडला. मग त्यांनी तिला धरायला दोन्ही हात पुढं केले.

"उतर," ते म्हणाले. "पर पाय जपून ठिव. ती पायरी मला जरा ढिली वाटती."